गायरान रिकामं होतं

संक्रांतीनंतरचा गुरुवार, २०२५

रेणू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी काम.

फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतीस आणि तुझं ध्यान दुसरीकडं असतं. ते मला इथं बसून कळतं. म्हणून लिहून राह्यले. तिसरीपर्यंत शिकले, अक्षर मोठं आहे, तुला चष्मा लागणार न्हाई. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता राजानंद गुरुजीनं घातला. आपल्या शाळेतून रिटायर झाला तोच, पाढे आले न्हाईत म्हणून तुला उन्हात उभी करायचा. तो म्हणला, "काकू, फोटो काढून मोबाईलवर टाकतो, मिनिटात कॅनडात जाईल." मी म्हणले नको. फोटो ती बोटानं वर ढकलती. कागद हातात धरावा लागतो.

विचारायचं एकच आहे. मार्गशीर्षात तू दोन गोऱ्या माणसांना घेऊन जमीन तपासायला गावात आल्तीस. पंचायतीपुढं खुर्च्या टाकल्या होत्या, लोक जमले होते. गोरा इंग्रजीत विचारायचा, तू मराठीत सांगायचीस. माझी पाळी आली तवा तू म्हणलीस, "मावशी, तुमची किती जनावरं या जमिनीवर चरतात?"

मावशी. मी मागं वळून बघितलं, कोण मावशी आली म्हणून.

मंग मी म्हणले, "माझ्याकडं कुठली जनावरं बाई, म्हातारं माणूस मी." ते तू इंग्रजीत सांगितलंस. गोऱ्यानं लिहून घेतलं. मंग सगळे गायरान बघायला गेले. तिथं ना माणूस ना मेंढरू. फोटो काढले, गाड्या जालन्याला गेल्या, तूही त्यातच गेलीस.

आता कंपनीचा राधेश्याम म्हणून एक माणूस गावात फिरून राह्यला. तो सांगतो कागद तयार झाला. त्यात लिहिलंय म्हणे, गायरान पडीक आहे, कोणी वापरत न्हाई. पावसाळ्याच्या आधी तारेचं कुंपण आणि आत करंजाची झाडं. करंजाच्या बियांचं तेल काढायचं आणि त्या तेलावर विमानं उडवायची. आजवर ते तेल आपण मेंढराच्या खरजेला चोळलं. झाडाला मात्र मेंढरू तोंड लावत न्हाई.

रेणू, मेंढरं कुठं होती ते तुला माहीत होतं. कागद घेऊन कोणी परका आला की आपण मेंढरं टेकडीमागच्या नाल्यात उतरवतो. फॉरेस्टवाला येऊ दे, तलाठी येऊ दे, लस टोचणारा डॉक्टर येऊ दे. तू लहान होतीस तवा कोकरं काखेत मारून पुढं पळायचं काम तुझंच होतं. आणि आकडा परक्याला सांगायचा न्हाई, घरच्यानं मोजायचा न्हाई. मोजलं की कमी होतं, असं माझ्या सासूनं मला सांगितलं आणि मी तुला. एक मेंढरू कमी असलं तर ते बघूनच कळतं.

मीटिंग चालली होती तवा तू टेकडीकडं बघितलंस. खाली मान घातलीस आणि परत बघितलंस. मी तुलाच बघत होते.

मंग गोऱ्याला का न्हाई सांगितलंस, ही म्हातारी खोटं बोलून राह्यली म्हणून?

एवढं उत्तर दे, आणि कागद बदलून घे. पावसाळ्यात सगळ्या रानात पिकं उभी असतात, मेंढरांना पाय टेकवायला गायरान सोडून जागा न्हाई. काळ्या मातीत त्यांचे खूर सडतात, ते तू बघितलंय. गायरान गेलं तर मेंढरं गेली. दुसरं मला काही नको.

तुझा बाप धुळाजी तुझ्यावर तोंड फुगवून आहे, त्या दिवशी तू घरी भाकर खायला आली न्हाईस म्हणून. मी केली होती. कुत्र्यानं खाल्ली.

आशीर्वाद.

गोपिकाबाई


माघ महिना, जाफराबादच्या बाजाराचा दुसरा दिवस

रेणू,

तुझं उत्तर गुरुजीच्या मोबाईलवर आलं. त्यानं आपल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, मंग हळू वाचलं, मंग गप बसला. मी म्हणले, वाच की, लाज कोणाची वाटून राह्यली.

तू लिहिलंस की जगातले सगळे देश एका जागी बसले आणि विमानाचा धूर कमी करायचा असं ठरवलं. जमिनीतलं तेल कमी जाळायचं आणि त्यात बियांचं, वापरलेल्या तळणाचं, असलं तेल मिसळायचं. आपल्या सरकारनंही दोन हजार सत्तावीसपासून शेकड्यामागं एक असं काही बोलून ठेवलंय. बराबर आहे. मी त्याला नावं ठेवत न्हाई. उन्हाळा कसा झालाय ते मला कॅनडातून सांगायला नको. मागच्या वैशाखात गाभण मेंढ्या धापा टाकत बसल्या त्या उठल्याच न्हाईत. करा धूर कमी. पण मी जन्मात विमानात बसले न्हाई, एस.टी.त बसले तरी मला मळमळतं. तो धूर उतरवायला माझंच गायरान कसं सापडलं, तेवढं मला कळत न्हाई.

पुढं तू नियम लिहिलेस. जंगल तोडायचं न्हाई. खायचं पिकतं ती जमीन घ्यायची न्हाई. माणसाच्या, जनावराच्या तोंडचं काढायचं न्हाई. म्हणून जिथं कोणीच न्हाई अशी पडीक जमीनच घ्यायची. गुरुजी म्हणला, "नियम चांगला आहे, काकू." मी म्हणले, चांगलाच आहे. म्हणून तर आधी माणूस पुसून घ्यावा लागतो.

तू म्हणतीस, लोक स्वतःच्या तोंडानं सांगतात तेच लिहायचं, मधल्या माणसानं आपलं काही घालायचं न्हाई. आणि हे आपलं गाव आहे हे तू ऑफिसात सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतं तर तुला इकडं धाडलंच नसतं, आणि तुला यायचं होतं.

यायचं होतं तर यायचं होतं. जालन्याहून जीप मिळती. पण ते जाऊ दे. मी मेंढरं लपवली, तू गाव लपवलंस. घरचीच आहेस, शंका न्हाई.

झुंबरबाई आठवती का, बुद्धवाड्यातली? ती माझ्याच शेजारी बसली होती मीटिंगला. तिनं उभं राहून आपल्या शेळ्यांचा आकडा सांगितला, कुठली गाभण ते पण सांगितलं, सही केली. तिच्या शेळ्या कागदावर आहेत. तिला कंपनी गोठा बांधून देणार आणि चारा देणार, मंग त्या शेळ्यांना गायरान लागत न्हाई असा त्यांचा हिशोब. काल पाण्याला गेल्ते तवा मी तिला म्हणले, "तुला भ्याव न्हाई वाटलं का गं, परक्यापुढं आकडा बोलायला?"

ती म्हणली, "गोपिका, आमच्या सासऱ्यानं त्याच गायरानाच्या कडेला ज्वारी पेरली होती. कागदावर नाव न्हाई म्हणून उभी ज्वारी मोडली. तवापासून आमच्यात लेकरू झालं की आधी कागदावर घालतेत, मंग पाळण्यात. तुमचं उलटं. कागद दिसला की तुम्ही नाल्यात."

मी म्हणले, लई बोलायला लागलीस.

"आता तरी बोलू दे," म्हणली, "आता ऐकायला जागा झालीय तुझ्यात."

मी घागर उचलून घरी आले. तुला सांगते, कारण तू लांब आहेस.

तू लिहिलंस की आता बोललीस तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की त्या देशात राहता येणार न्हाई. ते मी वाचून घेतलं. तरी मी तेच म्हणून राह्यले, सांग. नोकरी दुसरी लागती. गायरान दुसरं कुठून आणू.

गोपिकाबाई


होळी झाल्यावर

रेणू,

तुझा काही निरोप न्हाई. बरं.

इकडं काय झालं ते ऐक. गुरुजीनं कंपनीत अर्ज केला की आमची मेंढरं गायरानावर चरतात, येऊन मोजा. त्यांचं उत्तर आलं, अमुक तारखेला माणूस येईल, जनावरं पंचायतीपुढं हजर करा. ते उत्तर मी तुझ्या बापाला वाचून दाखवलं, तर तो भाकर टाकून उठला.

"आई, मोजू द्यायची म्हणतीस? आपली?"

"हो."

"बाप असता तर काय म्हणला असता?"

"काय म्हणायचं ते वर बसून म्हणू दे. खाली चारायला तो येत न्हाई."

सकाळी त्यानं मेंढरं आणली. गावातून मेंढरं अशी मधोमध कधी नेली नव्हती आपण, कडेकडेनं जायचो. लोक दारात उभे राहून बघत होते, वरात चालल्यासारखी. पंचायतीच्या आवाराला एकच फाटक, त्यातून एकेक सोडायची आणि पाठीवर निळ्या रंगाचा फराटा मारायचा. राधेश्याम मोठ्यानं आकडे म्हणत होता. मी पारावर बसले आणि पदर कानावर गच्च धरला. तुझा बाप भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. नको असलेल्या पाव्हण्याला पाठ दाखवतेत तसा.

शेवटी राधेश्याम माझ्यापाशी आला आणि म्हणला, "आजी, लई माल आहे की तुमच्याकडं. लपवून कशाला ठेवला होता?"

मी म्हणले, "तुझ्यासाठी."

तो हसला. पोरगा वाईट न्हाई. जालन्याचा आहे, त्याच्या पायात असे बूट आहेत की गायरानातले गोखरू त्याला कधी कळणार न्हाईत.

आकडा मी ऐकला न्हाई. गुरुजीला माहीत आहे, तो तुला सांगील. मी लिहिणार न्हाई.

आता मी तुला एक गोष्ट सांगते ती तुझ्या बापाला सांगितली न्हाई. मोजल्यावर आठ दिवस मी रोज दारातल्या मेंढरांच्या वाड्यात जाऊन बघत होते. काही झालं न्हाई. एकही मेंढरू लंगडलं न्हाई, कोणाचं दूध आटलं न्हाई, एक काळी मेंढी तर जुळी व्याली. पहिले मला बरं वाटलं. मंग बसल्या बसल्या डोक्यात आलं. मोजल्यानं काहीच होत न्हाई. इतक्या पिढ्या जे भ्याव आम्ही जपलं, त्या भ्यावापायी मी त्या दिवशी खुर्चीत बसून न्हाई म्हणले, आणि ते भ्याव रिकामंच होतं. मोजल्यानं जर दहा-वीस मेली असती ना, तर मी म्हणले असते, बघा, मी बराबर होते.

कागद बदलतो का ते बघू. तू बोल किंवा नको बोलू. आमचं आम्ही मोजून दिलंय.

गोपिकाबाई


अक्षय तृतीयेच्या नंतर

रेणू,

दोन गोष्टी एका दिवशी कळल्या. पहिले आमची.

राधेश्यामनं गुरुजीला आणि मला पंचायतीत बोलावलं. मोबाईलमध्ये बघून वाचलं. डिसेंबरच्या भेटीत जमिनीवर मेंढरं नव्हती, मालकांनी स्वतः न्हाई म्हणून सांगितलं, त्याचे फोटो आहेत. आता जी मेंढरं दाखवली ती मोबदला मिळावा म्हणून बाहेरून आणलेली असावीत. म्हणून जुना कागद तसाच राहील.

गुरुजी म्हणला, "अरे, बाहेरून म्हणजे कुठून? हिचा नवरा, हिचा सासरा याच जागी मेंढरं घेऊन बसले. गाव सांगील."

"गुरुजी, गावानं डिसेंबरमध्ये सांगायचं होतं ना. सगळ्यांपुढं विचारलं होतं."

"भीतीनं न्हाई बोलले लोक."

"कशाची भीती? आम्ही काय पोलीस आहोत? त्या मॅडम तर किती प्रेमानं विचारत होत्या."

त्या मॅडम म्हणजे तू.

मी म्हणले, "बाबा, माझ्या दारात चल. लेंड्यांचा ढीग दाखवते, तीन पावसाळे बसलेला. तो पण बाहेरून आणला का ते सांग." तर तो खाली बघायला लागला. म्हणला, "आजी, माझ्या हातात असतं तर केलं असतं. हे सगळं तिकडून ठरतं." आणि हात वर केला. मला वाटलं देवाकडं करून राह्यला. गुरुजी म्हणला, न्हाई काकू, तिकडं मोबाईलचा टॉवर आहे.

दुसरी गोष्ट तुझी. संध्याकाळी तुझा निरोप आला. तू त्यांना सगळं सांगितलंस म्हणे. हे माझं गाव आहे, ती माझी आजी, मेंढरं नाल्यात होती, मला माहीत होतं. आणि त्यांनी म्हणलं की मंग तर तुझं बोलणं धरताच येत न्हाई, तू घरची आहेस, तुझा फायदा आहे. आणि आधी लपवलं म्हणून कामावरून काढलं.

गुरुजीनं हे वाचलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला, जशी काय त्यातली बारकी अक्षरं मला दिसणार होती.

बघ कसं आहे. तू परकी म्हणून बसलीस तवा तुझ्या तोंडून निघालेलं सगळं त्यांनी लिहून घेतलं. घरची म्हणून बोललीस तर ऐकलं न्हाई. मी न्हाई म्हणले ते खरं धरलं, आहेत म्हणले ते खोटं. मी लई विचार केला याच्यावर. कोणी लबाडी केली असती तर त्याला चार शिव्या दिल्या असत्या. पण गोऱ्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं लिहिलं. सगळ्यांनी आपापलं काम बराबर केलं.

मी सांग म्हणले आणि तू सांगितलंस. आता मी "कशाला सांगितलंस" असं म्हणणार न्हाई. रडायचं असलं तर तिकडंच रडून घे, फोनवर नको.

तुझ्या बापाला सांगितलं. मी हे लिहायला बसले तवा त्यानं बाज सावलीला ओढून दिली.

गोपिकाबाई


आषाढ, पाऊस आहे

रेणू,

तार लागली. जेसीबीनं खड्डे घेतले. फाटकावर पाटी आहे, वर इंग्रजी, खाली मराठी. गुरुजीनं वाचलं, या जमिनीतून जगाचं आकाश स्वच्छ होणार. आकाश आधी कोणी घाण केलं ते लिहिलं न्हाई, पाटीवर तेवढी जागा नसल.

आपण मेंढरं इकली. मृगाच्या आधीच इकली, पाऊस पडला असता तर चिखलात उभी ठेवून इकावी लागली असती आणि व्यापाऱ्यानं खूर बघून भाव पाडला असता. टेम्पो दारात आला. ती वर चढत न्हाईत टेम्पोत, तुला माहीत आहे, एक चढवलं की मागून सगळी चढतात. तर पहिली ती काळी चढवली. पाठीवरचा निळा रंग अजून गेला नव्हता. बाकीचं लिहायचं कारण न्हाई.

आता तुझ्या बापाचं. तो कंपनीत लागला. गायरानावर राखणदार. रोपांना जनावर लागू नये म्हणून बाहेरची जनावरं हाकलायची. राधेश्यामनंच लावून घेतलं. म्हणला, "धुळाजीभाऊ, जनावर कुठून आत शिरतं हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?" खरं आहे. खाकी शर्ट दिला आणि शिट्टी दिली. शर्ट मोठा होतो. मी बाह्या दुमडून टाचून दिल्या.

मी त्याला जाऊ नको म्हणले न्हाई. घरात बसून तो वाड्याकडं बघत बसायचा, त्यापेक्षा बरं.

मंग परवा तुझा मामा आला. कल्याण, शहागडचा. दर पावसाळ्यात तिकडं गोदावरीकाठचं काळं रान चिखल झालं की तो मेंढरं घेऊन वर येतो आणि आपल्या गायरानात महिनाभर बसतो. तुझी आई होती तवापासून. त्याला कोणी कळवलं नव्हतं. मला वाटलं धुळाजीनं कळवलं असल, धुळाजीला वाटलं मी. तो भिजत, पोरंसोरं, घोड्यावर बिऱ्हाड, मेंढरं पुढं, असा सरळ फाटकापाशी आला. मी तिथंच होते, तुझ्या बापाला भाकर घेऊन गेल्ते.

कल्याण म्हणला, "दाजी, हे काय सोंग? शर्ट कुठून आणला?"

धुळाजी म्हणला, "कल्याण, मेंढरं माघारी घे."

"घेतो की. आधी तंबाखू तर काढा." आणि घोडं बांधायला लागला.

"बांधू नको. आत झाडं लावलीत."

"कुठं आहेत? काड्या तर दिसून राह्यल्या. तुमचा वाडा कुठं बसवला?"

धुळाजी बाह्या ओढायला लागला. मी म्हणले, "इकलीत कल्याण, मेंढरं. गायरान विमानाला दिलं."

त्याला वाटलं विमान उतरायची जागा करून राह्यले. तो वर बघायला लागला. मी सांगितलं, उतरत न्हाई बाबा, वरूनच जातं, नुसतं तेल इथलं. त्याला ते कळलं न्हाई, आणि मी दोनदा सांगितलं तर मलाही कळेना झालं.

तितक्यात त्याची मेंढरं तारेखालून शिरायला लागली. पावसात ती थांबत न्हाईत, त्यांना उंच जागा कळती. आत चार-दोन गेली, मागून लोंढा निघाला. तुझ्या बापानं शिट्टी वाजवली. शिट्टीनं मेंढरं कुठली वळतात. मंग त्यानं शिट्टी टाकली आणि आपली हाळी दिली, आपल्या मेंढरांना माघारी बोलवायची. ती तू ऐकलीस ना, तशी. कल्याणची मेंढरं ती हाळी ओळखतात, इतके पावसाळे एका जागी बसली. सगळी वळली आणि त्याच्या पायापाशी येऊन उभी राह्यली. त्यांना वाटलं असल आता हा कुठंतरी नेईल.

त्यानं ती रस्त्याला लावून दिली.

कल्याण जाताना माझ्या पाया पडला. धुळाजीशी बोलला न्हाई. कुठं जातोस म्हणले, तर म्हणला, "बघतो. वरती कुठंतरी असल जागा." भाकर मी त्याच्या पोरांना दिली. तुझा बाप त्या दिवशी जेवला न्हाई, पण ते भाकर उरली न्हाई म्हणून.

गोपिकाबाई


श्रावण, नागपंचमीच्या आधी

रेणू,

तू विचारलंस की परत येऊ का. तिकडं दुसरं काम लागत न्हाई, राहायची मुदत संपत आली, पुण्यात बघीन पण मन लागत न्हाई, गावाला येऊन राहीन म्हणतीस.

मी तुला ये म्हणत न्हाई आणि नको म्हणत न्हाई. इथं काय आहे ते लिहिते, तुझं तू बघ.

दारातला वाडा रिकामा आहे. लेंड्या झुंबरबाईनं नेल्या तिच्या वांग्यांना, मी ने म्हणले. तिच्या शेळ्या गोठ्यात बांधलेल्या असतात, चारा येतो तो वेळेवर येत न्हाई. ती म्हणती, "कागदावर नाव होतं म्हणून निदान भांडायला तरी जाता येतं." रोज जाती. सोबतीला मला बोलावती, मी जात न्हाई. माझं नाव न्हाई, मी कशाला भांडू.

तुझा बाप तुझं नाव काढत न्हाई. पण तुझा फोन आलता त्या दिवशी शर्ट काढायच्या आत मला विचारलं, "काय म्हणती?" मी म्हणले येते म्हणती. तो म्हणला, "तिला इथं काय आहे?" मी म्हणले, मला काय आहे? त्याच्यावर तू राग धरू नको. तो आता बाहेरच्या कोणाशीच बोलत न्हाई. कंपनीनं त्याला चांगला राखणदार म्हणून शाबासकी दिली, त्याचा फोटो काढला.

तू आलीस तर लोक बोलतील. अर्धे म्हणतील हिनंच गायरान दिलं, अर्धे म्हणतील ही सांगायला गेली आणि नोकरी घालवली. तुझ्या तोंडावर कोणी बोलणार न्हाई. मी सोडून.

पाऊस उघडला आहे. पंधरा दिवस झाले, थेंब न्हाई, रोपं माना टाकून राह्यली. राधेश्याम घाबरला आहे. विमानं वाट बघून राह्यली असतील. त्यानं बायकांची टोळी लावली, टँकरमधून डब्यानं पाणी घ्यायचं आणि एकेका करंजाला घालायचं. मला आधी घेत नव्हता, म्हातारी आहेस, पडशील म्हणला. मी म्हणले, या जमिनीवर मी कधी पडले न्हाई, विचार कोणालाही. मंग त्यानं नाव लिहून घेतलं. पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, नवऱ्याचं, सासऱ्याचं, सगळं.

दोन दिवस झाले जाऊन राह्यले. पाणी घालताना वाकावं लागतं, बाकी काही न्हाई. पावसाळ्यात जिथं आपला वाडा बसायचा तिथली रोपं चांगली आहेत, खताची जमीन आहे ती. बाकीची वाळतील.

येणार असलीस तर कपडे जुने आण. हात तुझे आता मऊ झाले असतील, पहिले फोड येतील. शिकलेली आहेस हे मी कोणाला सांगणार न्हाई. टोळीत अजून एक जागा आहे. तुझं नाव लावायचं असलं तर जल्दी कळव, पलीकडच्या गावच्या बायका विचारून राह्यल्या.

गोपिकाबाई